निळी होडी, काळी होडी

गोरेगाव
१८ एप्रिल १९९९

आक्का,

पत्राला उशीर झाला हे तू म्हणायच्या आधी मीच म्हणतो. कार्ड तर मी हिंगोलीच्या स्टँडवरच घेतलं होतं. ते वरच्या खिशात ठेवलं, खिशात चुन्याची डबी होती, वरून घाम, आणि पुसेगावच्या जत्रेत मी उगंच एका कुस्तीत उतरलो तर माती बी गेली. तवा हे आता वहीच्या कागदावर. त्या कार्डावर "होडी बघायला निघालो" एवढंच लिहिलं होतं. ते वाया गेलं तरी हरकत न्हाई, कारण तवा मी निघालोच न्हवतो.

आधी मेंढ्यांचं सांगतो. लग्नात आंदण दिलेल्या तुझ्या दोन कोकऱ्यांचा जो काही पसारा बाबाच्या कळपात झाला होता, तो सगळा गोरेगावच्या बाजारात इकला. बाबानं स्वतः वेगळ्या काढून दिल्या. एकेकीचा कान धरायचा, तुझ्या नावाची चीर अंगठ्यानं चाचपायचा, आणि बाजूला सोडायचा. मी म्हणलं, "बाबा, आक्काला काही निरोप?" तर म्हणला, "पाणी पाजून ने त्यांना." आता हा निरोप कोणाला समजायचा ते तू बघ.

होड्या दोन बघितल्या, येलदरीच्या पाण्याकाठी. तिसरी एक होती, पण तिच्यात कोंबड्या डालल्या होत्या.

पहिली निळी. शिवहार म्हणून पोरगं हाये माझ्याच वयाचं. बोलायला असं, की ऐकणाऱ्याचा चहा गार व्हावा. तीन वर्षांखाली त्यानं ती बनवून घेतली, अख्खी पत्र्याची, वेल्डिंगची. वर झगझगीत निळा रंग, काठाला पिवळी पट्टी, नाकावर "आईची कृपा" आणि खाली कमळ. कमळ काढणाऱ्याला कमळ येत न्हवतं, ते पानकोबीवाणी दिसतंय. आत बसून पार मधल्या खडकापर्यंत जाऊन आलो. तळाला हात लावला, कोरडा ठक्क. वल्हं मारलं की नव्या सायकलीवाणी पळती.

"मग इकतोस काहून?" मी म्हणलं.

"जीप घेऊन राहिलो. गोरेगाव, सेनगाव, हिंगोली. मासं वाट बघायला लावतं राव, सवारी स्वतः वाट बघती."

दुसरी रूपाबाईची. भोयाची बाई, नवरा वारला त्याला दोन पावसाळे झाले, तवापासून होडी बाभळीखाली पालथी पडून हाये. सागवानी. डांबरानं काळी होती म्हणतात, उन्हानं राखी झाली. फळ्यांच्या मधून उजेड दिसतो आक्का. मी खाली डोकं घालून बघितलं तर पलीकडं चरणारी बकरी दिसली.

"मावशी, किती वर्षांची हाये?"

"माझ्या थोरलीएवढी."

"थोरली केवढी?"

"तिला दोन लेकरं हायेत."

ह्यावर काय हिशोब लावावा.

दाजींनी बजावलेलं मी इसरलो न्हाई. मृगाच्या आत होडी आली पाहिजे. मच्छीमार संस्थेची माणसं पाहणीला येणार, होडी पाण्यात उतरवून बघणार, तळाला पाणी दिसलं की बाद. होडी बाद तर धरणावरचं दाजींचं नाव बी बाद. तवा माझं मन निळीवर हाये. नव्या वस्तूला काही तोड न्हाई. तुमचं काय म्हणणं ते कळव. माझा पत्ता म्हणजे जळबाचं हॉटेल, गोरेगाव. जळबा पत्र भज्याच्या परातीखाली ठेवतो, तेल लागलं तर राग धरू नको.

तुझा
प्रभू


माळवाडी, सिद्धेश्वर धरणाकाठी
२५ एप्रिल

प्रभ्या,

कुस्तीत कोण जिंकलं ते लिहिलं न्हाईस, त्यावरूनच कळलं.

नव्या वस्तूला तोड न्हाई म्हणतोस. मागच्या आश्विनात दाजींची होडी बुडाली ती कशाची होती? ती बी पत्र्याचीच. वारा सुटला, एका अंगाला कलली, पाणी आत आलं आणि दगडावाणी सरळ खाली. धरायला काही राहिलंच न्हाई. लाकूड असतं तर पालथं का व्हईना, वर राह्यलं असतं. दाजी रॉकेलच्या रिकाम्या डब्याला धरून काठाला लागले. धनगराचा माणूस, पोहणार ते काय? आपण मेंढ्या धुवायला गुडघाभर पाण्यात उतरणारे लोक.

त्या दिवशी मी म्हणलं, आता दुसरी होडी माझ्या मेंढ्यांची, माझ्या भावानं निवडलेली. त्याशिवाय पाण्यात पाय टाकायचा न्हाई. दाजी म्हणले, "प्रभू निवडणार? तो बसची पाटी वाचून बसत न्हाई, बस कुठं का जाईना." मी म्हणलं, भटका हाये पण डोळे ठीक हायेत. तवा तू माझी अब्रू घेऊन फिरून राहिलास, ध्यानात ठेव. अब्रू सोड, कुंकू घेऊन फिरून राहिलास.

बाबानं कानाची चीर चाचपली ती ओळ मी परत परत वाचली. दाजींनी मेंढरं इकून संस्थेत नाव घातलं तवा बाबा काय म्हणला होता ते तू ऐकलंस, तू तिथंच होतास. "मेंढरं सोडून मासं धरणाऱ्याच्या घरचं पाणी पिणार न्हाई." चार वर्षं झाली, आला न्हाई. पोरीच्या बारशाला आईला एकटीला धाडलं, तीबी एसटीनं. जाऊ दे. तुला ठाऊक असलेलंच तुला कशाला लिहून राहिले.

लाकडी होडी पालथी बघून काय कळतं? पाण्यात टाकून बघ. आणि घाई कर म्हणत न्हाई, पण भटकू नको.

तुझी
सत्यशीला आक्का


गोरेगाव
६ मे

आक्का,

भटकलो न्हाई. मधे जिल्हा झाला.

खरंच सांगतो, मी होडीकडंच निघालो होतो. पण एक तारखेला हिंगोलीचा जिल्हा होणार म्हणून गोरेगावच्या साऱ्या जीपा भरून चालल्या होत्या. शिवहारच्या ओळखीच्या जीपला मागून लटकायला जागा होती, गेलो. रात्री परभणी जिल्ह्यात झोपलो ते सकाळी हिंगोली जिल्ह्यात उठलो, आणि कुठंच काही दुखलं न्हाई. फटाके, गुलाल, बँड. तिथं हळदीच्या पोत्यांचा ट्रक वसमतला निघाला होता. ड्रायव्हर धर्मसिंग म्हणला, "चलता क्या? बोरे उतारने को आदमी कम है." आता वसमत मी बघितलं न्हवतं. पोती उतरवून इतका पिवळा झालो की स्टँडवर एक म्हातारी म्हणली, "नवरदेवा, वऱ्हाड कुठं राह्यलं?"

असो. होडी.

रूपाबाईची होडी चार माणसं लावून पाण्यात ढकलली. मी आत बसलो, बिडी पेटवली. बिडी संपायच्या आत घोट्याला पाणी. डब्यानं उपसून राहिलो तर उपसलेल्याच्या दुप्पट आत. चाळणी, आक्का, चाळणी. मी उडी टाकून बाहेर. रूपाबाई काठावर बसून तंबाखू मळत होती. म्हणली, "उपसू नको. राहू दे तशीच पाण्यात. आठ दिवसांनी ये, मग बोल."

ऐकलंस? बुडायला लागलेली होडी पाण्यातच राहू दे म्हणती! भोकं एकदा पाण्याखाली गेली की ह्या पोराला काय दिसणार, असं तिला वाटलं असंल. म्हातारी हुशार हाये. पण मी बी सोनाजी धनगराचं पोरगं. मी म्हणलं, "मावशी, असं करू नये, सडंल बिचारी." आणि जाता जाता भलेपणा म्हणून त्याच चार माणसांना परत हात लावायला सांगितला, होडी ओढून बाहेर काढली आणि चांगली कडक उन्हात पालथी घातली, नीट वाळावी म्हणून. ती काठावरून नुसती बघत राह्यली.

निळीत परत बसलो. कोरडी. शिवहार म्हणतो, वीस तारखेच्या आत सांग, दुसरं गिऱ्हाईक हाये. तो मनानं चांगला हाये आक्का. त्याची जीप बघितली, अजून घेतली न्हाई पण बघितली. मागचं बघायला वेगळाच आरसा, आणि हॉर्न असा की म्हशी आपोआप बाजूला व्हाव्यात.

तुझं पत्र आलं की शिवहारला व्हय म्हणतो.

प्रभू


माळवाडी
११ मे

प्रभ्या,

म्हणू नको. आधी हे वाच, मग जळबाचा चहा पी.

तुझं पत्र मी दाजींना वाचून दाखवलं. होडी कडक उन्हात वाळत घातली इथवर आले आणि ते हसायला लागले. हसता हसता ठसका लागला, मी पाणी दिलं, पाणी पिता पिता परत हसले. मला काहीच कळंना. मग म्हणले, "सत्ये, तुमच्या घरी बैलगाडी होती का गं?"

न्हवती. आपलं सारं बिऱ्हाड घोड्यावर. दाजींच्या घरी गाडी होती. ते म्हणले, उन्हाळ्यात गाडीचं चाक वाळतं, लाकूड आकसतं आणि वरची लोखंडी धाव ढिली पडून खुळखुळती. मग चाक काढून नाल्यात टाकतात. दोन-चार दिवस भिजलं की लाकूड फुगतं आणि धाव अशी आवळून बसती की घणानं निघत न्हाई. लाकडाची होडी म्हणजे तेच. दोन उन्हाळे पालथी पडलेली होडी गळणारच, न गळती तरच नवल. पाण्यात राहू दे म्हणणारी बाई तुला खरं तेच सांगत होती. आणि माझा भाऊ तिची भिजायला लागलेली होडी परत वाळत घालून आला! वर भलेपणा!

घोड्यावर बिऱ्हाड लादणाऱ्याला हे कळत न्हाई, मान्य. मला बी न्हवतं कळत. पण निळीचं तुला कळायला पाहिजे होतं. बाजारात मेंढी घेताना तू नुसती लोकर बघतोस का? बाबानं काय शिकवलं आपल्याला? लोकरीत बोटं घाल, कणा चाचप, बरगड्या बघ. उपाशी मेंढी बी लोकरीत गुबगुबीत दिसती. मग ह्या होडीची लोकर कोणती रे? रंग. तीन वर्षांची होडी पाण्यात, आणि रंग झगझगीत? इकायला काढली तवाच दिला असंल ना? मग त्या रंगाच्या आत बोट घाल.

आणखी एक. तुझ्या पत्रांत शिवहारचं नाव दाजींच्या नावापेक्षा जास्ती वेळा आलंय. आधी जीप आली, मग जीपला लटकणं आलं, आता हॉर्न बी आला. खरं सांग, त्या जीपवर तुला कोणती जागा देतो म्हणलाय तो?

हे पुढचं मी लिहिणार न्हवते. दाजी थांबले न्हाईत. ट्रकच्या चाकाची ट्यूब आणली, तिच्यावर फळी बांधली, आणि रोज सकाळी तिच्यावर बसून जाळं टाकायला जातात. मी आडवी झाले तर म्हणतात, "पाण्यात पाय टाकायचा न्हाई म्हणलीस, मी ट्यूबवर टाकतो." हसण्यावारी नेतात. ट्यूबला आधीचीच दोन ठिगळं हायेत. तू तिकडं हळदीनं पिवळा होतोस, तवा मी पोरीला कडेवर घेऊन काठावर उभी असते, ते काळं वर्तुळ परत मोठं होऊन इकडं येईस्तोवर.

आक्का


येलदरीचा काठ
१७ मे

आक्का,

व्हय. क्लीनरची जागा. तू होडी घे, मी तुला जीपवर घेतो, असंच ठरलं होतं आमचं. मागच्या पायरीवर उभं राहायचं, एका हातानं दांडा धरायचा आणि "सेनगाव सेनगाव हिंगोली" वरडायचं. मी ते पाण्याकाठी एकटा असताना वरडून बी बघितलं होतं. चांगलं जमत होतं.

तुझं पत्र वाचलं आणि चहा तसाच ठेवला. उठलो, सरळ निळीकडं. रस्त्यात दोन ठिकाणी थांबावंसं वाटलं, एका ठिकाणी तर माकडवाला आला होता, थांबलो न्हाई. हे लिहून ठेवतो, कारण दुसरं कोणी लिहिणार न्हाई.

शिवहार होडीत बसून दाढी करत होता. मी आतली पाय ठेवायची फळी उचलली. खाली बी निळा रंग, पण तिथं तो टवके धरून फुगलेला, पुरीवाणी. कमरेला खोचलेली लोकर कातरायची कातर काढली आणि टोक सांध्यावर टेकवलं. दाबलं न्हाई आक्का, टेकवलं. रंगाचा पापुद्रा निघाला, आत पत्रा न्हाईच. तांबडा भुसा. टोक आरपार गेलं आणि पाण्याची बारीक धार वर आली.

"अरे भोक काहून पाडलंस!" शिवहार एका गालाला साबण तसाच घेऊन उठला.

"भोक होतंच. मी फक्त रंग काढला."

"एक डाग मारून देतो वेल्डिंगचा."

"डाग कशाला चिकटवणार? पत्रा कुठाय?"

मग त्यानं वाकून बघितलं. स्वतःचं बोट घातलं, ते बी गेलं. शपथ घेतो म्हणला, मला ठाऊक न्हवतं. मला ते खरं वाटतं, कारण तो स्वतः त्याच होडीत रोज मधल्या खडकापर्यंत जात होता. घाबरलं पोरगं. पण थोड्या वेळानं म्हणला, "मग जीपचं बी ऱ्हायलं म्हण." मी म्हणलं, ऱ्हायलं. दोघं मिळून ती काठावर ओढली. साबण त्याच्या गालावर वाळून गेला होता.

तिथून रूपाबाईकडं. काय तोंडानं जावं? ती म्हणली, "ये. वाळली का नीट?"

मी खाली बघितलं.

"आणखी एखादा उन्हाळा वाळवावी म्हणतोस?"

"चुकलं मावशी. आमच्या घरी गाडी न्हवती."

ह्याच्यावर ती हसली, आणि मग जरा बोलली. ह्या टायमाला मी होडी मेंढीवाणी बघितली. डोळे मिटून. खालून हात फिरवला, मधला कणा सरळ, कुठं मऊ लागत न्हाई. आतल्या आडव्या लाकडांवर, बरगड्याच म्हण, कातर आपटली तर टणटण वाजती. टोक टेकवलं, रुतत न्हाई. एका फळीच्या टोकाला रुतलं, ती बदलावी लागंल, रूपाबाईनं आपणहून दाखवली. म्हणली, जिथं बोट जातं तिथं कापूस आणि राळ भरायची, जिथं नुसता उजेड जातो तिथलं पाणीच भरून काढतं.

मग ती फळी बदलून, फटी बुजवून होडी पाण्यात नेली, आत दगड भरले आणि बुडवली. घ्यायची वस्तू स्वतःच्या हातानं बुडवून तिच्याशेजारी बसणारा मी पहिलाच असंन. इथंच बसून राहिलोय. बसवत न्हाई, पण बसलोय. वारा आला की उठतो, मग बसतो. पलीकडच्या रस्त्यानं जीप गेली की मान आपोआप वळती.

दाजींना म्हणावं, आठ दिवस. आठच दिवस ती ट्यूब झाडाला टांगा.

प्रभू


येलदरीचा काठ
२७ मे

आक्का,

तुझं पत्र न्हाई. जळबाकडं रोज जाऊन येतो. तो परात उचलून दाखवतो, खाली नुसतं तेल.

होडी फुगून फटी भरल्या. दगड काढले, पाणी उपसलं, आत बसलो. बिडी पेटवली, संपली. दुसरी पेटवली. बूड कोरडं. फळ्यांच्या मधे आता कातरीचं टोक जात न्हाई. डांबर मारलं, काळी कुळकुळीत दिसती, बाबाच्या एडक्यावाणी. मग लाकूड वर राहतं असं तू लिहिलं होतंस, ते करून बघितलं. मुद्दाम पाणी भरलं, काठापर्यंत. बुडाली न्हाई. जरा खाली गेली आणि थांबली. मी बाहेरून काठाला धरून लोंबकळलो, पाय सोडून दिले. तरी थांबली. रूपाबाई काठावरून वरडली, "अरे मरशील!" मी म्हणलं, "तेच बघून राहिलोय!" दाजींना हे सांग. शब्दाला शब्द सांग.

आता अडचण ऐक. रूपाबाईशी सौदा झाला, पण न्यायची कशी? मृगाआधी सारी ट्रॅक्टरं नांगराला जुंपलीत. पुसेगावचा हरीश म्हणून शेतकरी हाये, त्याचं ट्रॅक्टर मोकळं हाये, ट्रॉली बी मोठी. तो म्हणतो, "तुझा भरवसा न्हाई गड्या, तू ट्रॅक्टर घेऊन वसमतला जाशील. तुझ्या बापानं शब्द दिला तर देतो." कारण बाबाचा कळप सध्या त्याच्याच रानात बसलाय, खतासाठी. म्हणजे बघ, सगळ्या जिल्ह्यात एकच ट्रॅक्टर मोकळं, आणि त्याची किल्ली बाबाच्या तोंडात.

मी जाणार न्हाई बाबाकडं. होडीचं नाव काढलं की तो थुंकतो. मागं एकदा मी म्हणलं, धरणात लाटा बी येतात बाबा, तर चार दिवस माझ्या हातची भाकर खाल्ली न्हाई.

आणि ट्रॅक्टर मिळालं तरी रूपाबाई म्हणती, दिवसभर ह्या उन्हात ट्रॉलीवर गेली की आठ दिवसांत फुगलेली एका दिवसात आकसंल. मग पाहणीला परत चाळणी. वरून ओली पोती टाक म्हणती. मी पोतं भिजवून टाकून बघितलं, बिडी ओढून होईस्तोवर वाळलं. पाहणी तीन जूनलाच हाये ना?

एक ओळ टाक आक्का. दाजी बरे हायेत, एवढंच लिही. ट्यूबचं दुसरं काही लिहू नको.

प्रभू


माळवाडी
२ जून

प्रभ्या,

दाजी बरे हायेत.

ही ओळ आधी. आता बाकीचं. तुझी दोन्ही पत्रं पोस्टमननं काल एकदम आणून दिली. त्याच्या बहिणीचं लग्न होतं म्हणे, मधे टपालच निघालं न्हाई. तुझं "आठ दिवस ट्यूब टांगा" मला आठ दिवस उलटून गेल्यावर मिळालं.

ट्यूब फुटली. वीस तारखेला, सकाळी. मी काठावरून बघून राहिले होते. काळं वर्तुळ होतं, आणि मग न्हवतं. आवाज मागून आला. मी पोरीला खाली ठेवलं आणि पाण्यात शिरले, कमरेच्या वर, गळ्यापर्यंत. पुढं काय करायचं ठाऊक न्हवतं, नुसती वरडून राहिले. जाळ्याची दोरी बाभळीच्या बुडालेल्या खोडाला बांधलेली होती म्हणून वाचले. दोरी धरून धरून आले. नाकातोंडात गाळ. नंतर ताप धरला, आता उतरला. म्हणून पत्र न्हाई. लिहायला बसायची आणि "प्रभ्या" एवढं लिहून हात थांबायचा, कारण पुढं नुसत्या शिव्याच येत होत्या.

त्या अजून देते. उद्या सकाळी पाहणी. काठावर बाकीच्यांच्या होड्या ओळीनं लागल्यात, रंगरंगोटी चाललीय. आमच्या जागेवर पोरी खेळून राहिल्यात. दाजी घोंगडं पांघरून वट्ट्यावर बसलेत. म्हणले, "नाव गेलं तर गेलं, मी परत ट्यूब आणंन." हसले न्हाईत ह्या टायमाला. मी म्हणलं, मग मला आणि पोरीला बी तिच्यावर बांधा. तवापासून आम्ही बोलत न्हाई. आणि तू तिकडं काळ्या कुळकुळीत होडीत बसून बिड्या मोजून राहिलास! बापाला एक शब्द विचारायला जीभ झडती का? एवढा बाजारात वरडायला तयार होतास, सेनगाव सेनगाव हिंगोली, आणि बापापुढं

थांब. ट्रॅक्टरचा आवाज येऊन राहिला.

परत लिहायला घेतलं. उभ्यानंच लिहून राहिले, चुलीपाशी, अक्षर कसं बी येऊ दे. तू इथं न्हाईस म्हणून तुला सांगायलाच पाहिजे.

पांदीतून ट्रॅक्टर आलं. मागं ट्रॉलीवर एवढं मोठं काहीतरी काळं, लोकरीचं. मला आधी वाटलं मेंढ्याच आणल्या. सगळ्या घोंगड्या, प्रभ्या. बाबाची, आईची, तुझी, थंडीत कोकरांवर टाकायच्या जुन्या बी. साऱ्या पाण्यानं निथळून राहिलेल्या. एकीवर एक अंथरलेल्या, आणि खालून होडीचं नाक बाहेर. पोतं वाळतं, घोंगडी दिवसभर पाणी धरती, हे आपल्यालाच ठाऊक, तरी तुला सुचलं न्हाई. ट्रॉलीच्या मागच्या फळीवर पाण्याचं पिंप, आणि पिंपाला टेकून, हातात लोटा घेऊन, डोक्याचं मुंडासं बी भिजलेलं, बाबा.

बाबा. माझ्या दारात.

दाजी उठून उभे राह्यले. बाबा खाली उतरला. माझ्याकडं बघितलं न्हाई. एका घोंगडीचं टोक उचललं, आत हात घातला, आणि फळ्यांवरून हात फिरवत गेला, असा, कणा चाचपतो तसा, नाकापासून शेवटापर्यंत. मग दाजींना म्हणला, "कोरडी न्हाई पडली. बघून घ्या." चार वर्षांनी पहिला शब्द, तो बी होडीचा.

मी म्हणलं, "मेंढ्या कोणापाशी सोडल्या?"

"ते भटकं बसवलंय. त्यानं पाय हलवला तर घोडं लाथ घालंल म्हणून सांगून आलो." आणि घोंगडीचं टोक परत नीट घालत, "आलं होतं माझ्यापाशी. दिवसभर बसलं. संध्याकाळी बोललं."

म्हणजे गेलास तू. बरं.

मी तांब्या भरून आणला. पुढं केला, पण हात अर्ध्यातच थांबला, घरचं पाणी पिणार न्हाई हे त्याचं बोलणं आठवून. बाबानं तांब्याकडं बघितलं. मग माझ्याकडं. पहिल्यांदा. म्हणला, "सत्ये, एवढ्यानं काय व्हतंय? पिंप रिकामं झालंय वाटेत. हंडा आण. आधी हिच्यावर मार, मग मला दे."

हंडा भरायला चाललेय.